पहिल्या खुणेची आई

जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा त्याचा होता आणि उरलेले तीन घराचे. त्या एका कोपऱ्यावर बसून त्याने अकरा वर्षं ‘खूण’ सांभाळली होती. सकाळी लेकीची वेणी घालायची, तिला शाळेच्या बसमध्ये बसवायचं, बायको कामावर गेली की गार झालेला चहा पुढ्यात ओढायचा आणि जगभरच्या अनोळखी माणसांच्या तक्रारी वाचायला घ्यायच्या. वेणीचं एक जादा लाल रबर तो मनगटात अडकवून ठेवी, कारण सव्वातीनला बसमधून उतरेपर्यंत लेकीने एक रबर हमखास हरवलेलं असे. नऊ वर्षांची ती पोर एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. दर वाढदिवसाला तो तिला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकवून उभी करी आणि डोक्याशी पेन्सिलीने रेघ मारी. तेवढं एक मिनिट ती स्थिर असे.

खूण म्हणजे काय, हे तो भिंगरीलाही कळेल अशा बेताने सांगे. प्रोग्रॅम लिहिणारी दहा माणसं एकाच मजकुरात हात घालतात. एकाचं लिहिलेलं दुसरा खोडतो, तिसरा बिघडवतो आणि चौथा म्हणतो, मी नव्हेच. म्हणून दर बदलानंतर एक खूण करून ठेवायची : कोणी, केव्हा, काय बदललं. प्रत्येक खुणेला तिच्या आधीची खूण ठाऊक असते. आधीचीला त्याने ‘आई’ म्हटलं होतं, नंतरचीला ‘लेक’. अगदी पहिल्या खुणेला आई नसते, ती ‘पोरकी’. केलेली खूण पुसता येत नाही. शिवाय प्रत्येक वापरणाऱ्याकडे पहिल्यापासूनची अख्खी साखळी असते, त्यामुळे एक प्रत जळाली तरी हजार उरतात. आणि हे सगळं फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणून लोकांनी ती उचलली आणि लिफ्टपासून दवाखान्यातल्या यंत्रांपर्यंत ती कुठे कुठे जाऊन बसली, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं.

“भाज, लष्कराच्या भाकऱ्या भाज,” बायको म्हणे. दोघं कॉलेजात एका वर्गातली, त्यामुळे संसार सगळा अरेतुरेचा. “त्या लष्करातला एक तरी तुला नावाने ओळखतो का रे?”

“तू ओळखतेस ना? बास झालं.”

ती पुढे बोलत नसे. पोरकी हा शब्द त्याला कुठून सुचला, हे तिला माहीत होतं. चार वर्षांचा असताना तो एका दवाखान्याच्या बाकावर सापडला होता. ज्या संस्थेत तो वाढला, तिथले जुने कागद तळघरात पाणी शिरून लगदा झाले. अठराव्या वर्षापासून तो आईला शोधत होता. कचेऱ्या झाल्या, जाहिराती झाल्या, निवृत्त परिचारिकांच्या घरांचे जिने झाले. हाती आलं ते एका म्हाताऱ्या सेविकेने तोंडपाठ म्हणून दाखवलेलं संस्थेच्या नोंदवहीतलं एक वाक्य. काहीच हरवणार नाही अशी एखादी तरी वस्तू जगात असावी, एवढ्याच हट्टातून त्याने खूण लिहायला घेतली होती.

तक्रार आली ती यंत्रवाल्या बाईंकडून. बाई दवाखान्यांसाठी तान्ह्या बाळांना श्वास देणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होत्या आणि दुसऱ्या वर्षापासून खूण वापरत होत्या. कधी फालतू तक्रार करत नसत. या वेळी त्यांनी एकच ओळ लिहिली होती : तुमची पहिली खूण पोरकी नाही. तिला आई आहे.

“भलतंच!” म्हणत त्याने खुणेची स्वतःची साखळी उघडली. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच केलेल्या पहिल्या खुणेच्या मागे खरोखरच आणखी एक खूण होती. करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. नाव घेतल्याशिवाय खूण कामच करत नाही, ती अट त्याने स्वतः घातली होती. तारीख तेहतीस वर्षांपूर्वीची. आत एकच ओळ होती.

*बाकावर एक मुलगा. वय अंदाजे चार. नाव सांगत नाही.*

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. हे त्या सेविकेचंच वाक्य होतं, अक्षर न अक्षर.

कोणीतरी चेष्टा केली असणार, हा पहिला विचार. त्याने पासवर्ड बदलले, कुठून काय शिरलं ते तपासलं. मग कपाटाच्या वरच्या फळीवरची जुनी डिस्क काढली. सहा वर्षांत ती कशालाच जोडलेली नव्हती, तिच्यावरची धूळ त्याने ओल्या फडक्याने पुसली. तिच्यावरही ती खूण होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्या खुणेच्याही मागे आणखी एक आली.

*पाणी घेऊन येते, असं त्याला सांगितलं.*

हे तर कोणालाच माहीत नव्हतं. संस्थेत त्याने कधी सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्याला आईचा चेहरा आठवत नव्हता, लुगडं नेसायची की आणखी काही, तेही नाही. आठवत होता तो फक्त आवाज : बस हं इथे, पाणी घेऊन येते. तो कितीतरी वेळ तहान धरून बसला होता. टेबलाच्या कोपऱ्यावर बसल्या बसल्या तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. ती तीच होती. खूण पटली होती.

मग रोज दोन चाळीसला एक. इतिहास पुढे वाढतो हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. हा मागे वाढत होता. *बसमध्ये त्याने खिडकीची जागा मागितली. दिली.* त्याच्या आदल्या तासाची दुसऱ्या दिवशी : *बूट उलटे घातले होते. सुलटे केले.* मग : *निघण्याआधी चौकटीवर त्याची उंची घेतली. पुन्हा कधी घेता येईल कोण जाणे.* दिवसाला एक वाक्य. त्याचं जेवण सुटलं. दोन वाजल्यापासून तो हात मांडीखाली घेऊन पडद्यासमोर बसे. असंच मागे मागे जात एखाद्या दिवशी गावाचं नाव येईल, तिचं नाव येईल, आपलं खरं नाव येईल, या आशेवर तो जगत होता.

पाचव्या दिवशी यंत्रवाल्या बाईंचा फोन आला.

“अहो, झालं का काही? आमचं काम ठप्प आहे. यंत्रांवर नवं काही चढवता येत नाही. साखळी अपुरी आहे म्हणून सगळं अडतंय.”

“बघतोय. बिघाड सापडत नाहीये.”

“खूण पुसता येत नाही, पण जोड तोडता येते ना? पहिल्या खुणेच्या मागचं कापून टाका. तुम्हाला पाच मिनिटांचं काम.”

“दोन दिवस द्या.”

“तान्ही बाळं आहेत हो त्या यंत्रांवर,” बाई म्हणाल्या. “तुम्हालाही मूल आहे.”

त्याने फोन ठेवला. बाईंचं खरं होतं, पाचच मिनिटं लागली असती. त्याला स्वतःची लाज वाटली, पण साखळी कापायच्या आज्ञेकडे त्याचा हात गेला नाही.

बायकोला त्याने त्या संध्याकाळी सगळं दाखवलं. तिने दोनदा वाचलं, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मला भीती वाटते रे. हे कोण लिहितंय?”

“आई.”

“तेहतीस वर्षांपूर्वी? खुणेत?” ती थांबली. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. भिंगरी काल दोनदा विचारत होती, बाबा माझ्याशी का बोलत नाही म्हणून.”

“चार दिवस,” तो म्हणाला. “चारच दिवस. पाया पडतो तुझ्या.”

नवव्या दिवशी दुपारी अडीचला बाईंचा पुन्हा फोन. या वेळी त्या घाईत नव्हत्या, हळू बोलत होत्या.

“मी रात्रंदिवस विचार करतेय. हा बिघाड नाही वाटत मला. खूण मागे मागे केव्हा जाते, सांगा बरं.”

त्याची नजर पडद्यावर होती.

“दोन शाखा, म्हणजे एका खुणेपासून फुटलेल्या दोन साखळ्या, जुळवताना,” बाईच म्हणाल्या. “दोघी कुठून फुटल्या ते शोधायला. सामाईक आई सापडेपर्यंत ती एकेक खूण मागे जाते. तुम्हीच लिहिलंय ते. कोणीतरी जुळवणी सुरू केलीय हो. दुसरी शाखा कुठे आहे, ते मला दिसत नाही. पण आई सापडायच्या आत कापा.”

घड्याळात दोन पस्तीस झाले होते. त्याने कापायची आज्ञा लिहिली. फक्त एक बटण दाबायचं राहिलं. पाच मिनिटं, तो मनाशी म्हणाला. तिचं एक शेवटचं वाक्य. त्यानंतर लगेच.

दोन चाळीस.

*आज जायचं की नाही, ठरत नाही.*

त्या खुणेला दोन लेकी होत्या. एक त्याच्या ओळखीची, उंचीची, बुटांची, बसची, बाकाची. दुसरीत लिहिलं होतं : *नाही गेलो दोघं. दार आतून लावून घेतलं.*

दुसरीच्या पुढे हजारो खुणा होत्या. *शाळेत घातला. गोवर. वर्गात दुसरा आला. चौकटीवर रेघ मारायला आता मला हात वर करावा लागतो. नोकरी लागली. लग्नाचं नाव काढू देत नाही.* शेवटची खूण आजची होती. *सव्वातीनला येतो म्हणालाय.*

त्याने बटण दाबलं. कापलं काहीच गेलं नाही; पडद्यावर ओळ उमटली : सामाईक आई सापडली. जुळवणी सुरू.

दोन बाजू पटल्या नाहीत तर कोणाची राखायची, यावरून पूर्वी लोक हमरीतुमरीवर येत. तिसऱ्या वर्षी त्याने तो वाद कायमचा मिटवला होता : ज्याने जुळवणी सुरू केली, शब्द त्याचा. तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

*बायको : इकडे आहे, तिकडे नाही. तिकडचं राखलं.*

त्याने प्लग उपटला. पडदा काळा झाला. मग त्याला आठवलं, एक प्रत जळाली तरी हजार उरतात.

बाईंना फोन लावला. “कापा! तुमच्याकडून कापा, सगळ्यांना सांगा!”

“सगळीकडे चालू झालंय,” बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. “माझ्यासमोर एक ओळ आलीय. मुलगी, इकडे एक...”

“वाचू नका!”

पलीकडे काही आवाज नव्हता.

त्याने बायकोला फोन लावला. चार वेळा वाजल्यावर तिने उचलला.

“अगं, भिंगरीला शाळेतून आत्ताच्या आत्ता आण. काही विचारू नकोस. धावत जा.”

“कोण बोलतंय?”

“मी! मी बोलतोय!”

“माफ करा, मी ओळखलं नाही तुम्हाला,” ती अदबीने म्हणाली. “कोण हवंय आपल्याला?”

वीस वर्षांत तिने त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

तो स्वयंपाकघराच्या दाराकडे धावला. चौकटीवरच्या भिंगरीच्या नऊ रेघांपैकी तीन उरल्या होत्या. त्याने त्यांच्यावर तळहात दाबून धरला. “नको,” तो म्हणाला, “मला आई नको. ऐकतेस का? मला नको आई. माझी लेक राहू दे.”

हात उचलून बघायचा त्याला धीर होईना.

खाली रस्त्यावर शाळेची बस आली. वेग कमी न करता निघून गेली.

सव्वातीन झाले होते. आपण चौकटीला हात लावून का उभे आहोत, ते त्याला उमगेना. गाल ओले होते. त्याने हात काढला. चौकटीवर गुडघ्याच्या वरपासून एकावर एक पेन्सिलीच्या रेघा होत्या, बारीक, तिरप्या हाताच्या. सगळ्यांत वरची थेट त्याच्या डोक्याशी होती आणि तिच्याखालची पेन्सिलीची भुकटी अजून ताजी होती.

“आलास?” आतून म्हातारा आवाज आला. “बस हं. पाणी घेऊन येते.”

आणि ती घेऊन आली.

पाणी गार होतं. त्याने एका दमात ग्लास रिकामा केला. खाली ठेवताना मनगटात काहीतरी रुतलं. केसांना लावायचं लाल रबर होतं. असलं काही लावणारं घरात कोणी नव्हतं.

“कुठून अडकलं कोण जाणे,” म्हणत त्याने ते काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.