चार मिलिमीटरचा राग

प्रसेनजीत पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तेव्हा माझं डोकं नुसतं तापलं होतं. त्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याची गाडी शेजारी पंक्चर काढायला लावली होती आणि रंध्याचा आवाज ऐकून तो दारात येऊन उभा राहिला, एवढंच.

दोष होता शिरोलीच्या फाउंड्रीतल्या आकाराम साहेबांचा. पाच मिनिटांपूर्वी त्यांचा फोन आला होता. "निशा, आप्पांना दे की फोन. मापाचं बोलायचं हाय."

आप्पा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात चाळीस वर्षं त्यांनी लाकडाचे पॅटर्न केले. आम्ही सागवानात भाग घडवायचा, मग फाउंड्रीवाले वाळूत त्याचा साचा उठवणार आणि त्यात लोखंड ओतणार. आता आप्पांचा हात थरथरतो. हे पंपाच्या भागाचं काम माझ्या नावावर आलेलं पहिलं काम, आणि आप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जमलं तर दुकान तुझं. न्हाय तर गाळा सोडायचा." आणि साहेबांना मापाचं बोलायला आप्पाच पाहिजेत. मी सगळा राग रंध्यावर काढत होते.

"दोन मिनिटं शूट केलं तर चालेल?" तो म्हणाला. "माझं पेज आहे… निवांत जगण्याबद्दल. कला, श्वास, हा क्षण—"

"पावणं, चपला बाहेर. आणि तोंड बंद ठेवणार असाल तर करा काय करायचं ते."

त्यानं तोंड बंद ठेवलं. मी आप्पांना चहा देऊन आले तर टेबल लखलखत होतं. भुसा झाडलेला, पटाश्या ओळीनं मांडलेल्या. मी पट्टी उचलून कामाला लागले. शूट संपलं, फोन खिशात गेला, तरी तो अजून माझ्याकडेच बघत होता… मला ते कळलं, आणि कळलं म्हणून आणखी राग आला. जाताना त्यानं नंबर मागितला, व्हिडिओ पाठवतो म्हणाला. दिला मी. का दिला, देव जाणे.

पुढच्या मंगळवारी माझी चुलत बहीण मोना फोन नाचवत आली. पॅटर्न फाउंड्रीत पोचता करून मी नुकतीच टेकले होते. व्हिडिओत माझे हात, माझं तोंड, मागे बासरी. खाली लिहिलेलं: "राग नाही, घाई नाही. ही मुलगी फक्त या क्षणात आहे." तीन लाख लोकांनी ते बघितलं होतं.

मोना हसून हसून लोळत असतानाच साहेबांचा फोन आला. "निशा, पॅटर्न चार मिलिमीटर कमी हाय. शनिवारपर्यंत दुसरा दे, न्हाय तर मला दुसरीकडं बघावं लागंल."

ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा, आणि त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. बाकी साध्या पट्टीवरच्या आणि तिच्यावरच्या खुणा सारख्याच. आमची जुनी, डागाळलेली, आणि रंध्याशेजारी तिची ठरलेली जागा. मी जाऊन बघितलं. त्या जागेवर दुकानातलीच साधी, चकचकीत पट्टी होती. आमची वरच्या फळीवर, डब्यांमागे.

मी त्याच्या पेजवर मेसेज टाकला: ये. आत्ताच्या आत्ता.

जयसिंगपुरातून तो तासाभरात आला. हसत आला, वर पेढे घेऊन.

"पट्टी तू हलवलीस?"

"ती… जरा जुनाट दिसत होती. फ्रेममध्ये—"

"खड्ड्यात गेली तुझी फ्रेम. माझं दुकान जातंय. आणि म्हणे राग नाही. आमचे आप्पा रोज पहाटे विहारात ध्यानाला बसतात. त्यात पहिलं काय सांगतात ठाऊक हाय? जे हाय ते बघ. माझ्या तोंडावर ढीगभर राग होता, आणि तुला शांती दिसली?"

त्यानं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाला, "व्हय. न्हाय बघितलं मी. चुकलं माझं."

पहिल्यांदाच तो आपल्याकडचं बोलला. मी त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हटलं, "घास."

चार दिवस तो रोज यायचा. फोन आप्पांकडे जमा करायचा, बोटांची सालटी निघेपर्यंत घासायचा. आप्पा त्याला चहा द्यायचे आणि मला न देता हसायचे.

"निशा," तो एकदा म्हणाला, "तू चिडलीस की… ओठ दाबून माप घेतीस."

"बघायला न्हाय, घासायला बोलवलंय तुला."

"दोन्ही जमतंय की मला."

मी हसले नाही. पाठ फिरवली, मग हसले.

शुक्रवारी तो दुपारी गायब झाला आणि संध्याकाळी फुशारकीत परत आला. "साहेबांना भेटून आलो. सांगितलं, निशाची काय बी चूक न्हाय, पट्टी मी हलवली होती."

माझ्या हातातली पटाशी मी खाली ठेवली, कारण ठेवणं बरं होतं. "तुला कुणी विचारलं होतं? आधी आप्पा बोलणार माझ्या मापाचं, आता तू? जागेवरची पट्टी न बघता उचलली ती मी. चूक माझी हाय, प्रसेनजीत. ती तरी माझ्या नावावर राहू दे."

त्याचं तोंड एवढंसं झालं. पण तो गेला नाही. परत घासायला बसला.

शनिवारी पॅटर्न घेऊन आम्ही दोघं शिरोलीला गेलो. साहेब माप घेत असताना मी म्हटलं, "साहेब, काल पावण्यानं जे सांगितलं ते अर्धंच होतं. पट्टी न बघता मी वापरली. चूक माझी. आज बघून वापरलीया."

साहेबांनी तीनदा मापलं. मग चष्मा काढला. "बरोबर हाय. पुढच्या कामाचा फोन कुणाला करू?"

"मला," मी म्हटलं. गेटबाहेर आले तेव्हा मला रडूच कोसळलं, आणि ते त्याच्यासमोर कोसळलं याचाही राग आला.

तो रुमाल द्यायला गेला आणि थांबला. "मला तू आवडतीस. रागासकट. लई—"

"थांब. गरम लोखंड कायम मोठंच असतं. थंड झाल्यावर किती उरतंय ते बघू. सोमवारी ये, दहाला."

रविवार कसा गेला ते मी सांगणार नाही. सोमवारी मी साडेनऊलाच दुकान उघडलं, दोनदा झाडलं. दहा वाजले. सव्वादहा झाले. साडेदहाला दारात गाडी थांबली आणि मी इतकी संतापले होते की मला सगळं तिथल्या तिथं कळून चुकलं.

"अर्धा तास," मी म्हटलं. "अर्धा तास वाट बघायला लावलीस. मला तू आवडतोस, कळलं? म्हणून चिडलीया."

तो दारातच उभा राहून बघत राहिला. या वेळी नीट बघत होता. मग त्यानं चपला बाहेर काढल्या, फोन बंद केला आणि रंध्याशेजारी ठेवायला गेला.

"तिथं न्हाय," मी ओरडले. "तिथं पट्टी असती."