पडद्यावर नसलेलं नाव

करुणा आली तेव्हा तिच्या पायांत पुरुषाच्या चपला होत्या. आनंदरावांच्या नजरेत आधी तेच आलं, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

शिरूरच्या एस.टी. स्टँडसमोर, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत गौतमीताईंचं ऑफिस होतं. बारा वर्षं विमा कंपनीत आगी आणि अपघात तपासून त्यांनी नोकरी सोडली होती आणि आता त्या खाजगी तपासाची कामं घेत. आनंदराव त्यांच्या हाताखाली. पोलिसात हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस जीप चालवायचा, ओळखी काढायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. ताई त्यांना आप्पा म्हणत.

करुणाचा नवरा महेंद्र शिरूरजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. डिसेंबरात, २००१ साल सरता सरता, कारखान्याला भरदुपारी आग लागली. सगळे कामगार फाटकाबाहेर धावले. फाटकावरच्या केबिनमध्ये कम्प्युटर होता. आत कोण कोण आहे ती नावं त्याच्यावर दिसत. वॉचमननं पडद्यावरचं एकेक नाव पुकारलं, प्रत्येक नावाला ‘हजर’ आलं, आणि आत कुणी नाही असं बंबवाल्यांना सांगण्यात आलं. आग विझल्यावर मागच्या पॅनल रूममध्ये महेंद्र सापडला. जळाला नव्हता. धुरानं गेला होता.

“समदी म्हंत्यात, कम्प्युटरनं माझा मानूस गिळला,” करुणा म्हणाली. “ताई, मशीन मानूस गिळतं का? कुनी केलं आसंल तर कुनी, ते मला कळाया पायजे. लेक इचारती.”

गौतमीताईंनी तिला पाणी दिलं आणि महेंद्र कसा माणूस होता ते विचारलं. करुणा सांगत गेली, की शेजारणीचा पंखा असो की विहाराची लायटिंग, हे परस्पर करून यायचे, घरी पत्ता नसायचा. आणि कुणाची लाज झाकायची असली, तर त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडत नसे.

आनंदरावांना यात तपासाचं काही दिसलं नाही. ताई मात्र मन लावून ऐकत होत्या.

कारखान्याचा मॅनेजर पृथ्वीराज तरुण होता, आणि आगीनंतर त्याला झोप नव्हती हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. त्यानं सगळं तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं. त्या दिवशी तातडीच्या ऑर्डरमुळे दोन पाळ्यांची माणसं एकदम कामावर होती. एवढी गर्दी एरवी कधी नसे. महेंद्र सुटा भाग आणायला शिरूरला गेला होता, तो सगळ्यांच्या शेवटी परत आला. आगीनंतर जाणकार बोलावून फाटकावरचा कम्प्युटर तपासला. फाइलीत महेंद्रची नोंद होती. प्रोग्राम उघडला, तर पडद्यावर नाव नाही.

“म्हणजे प्रोग्राममध्ये खोट आहे,” पृथ्वीराज म्हणाला. “दौंडच्या धम्मदीपनं लिहिलाय तो. आम्ही पोलिसांत तक्रार दिलीय.”

फाटकावरचा कम्प्युटर कुणाच्या ताब्यात असतो, असं ताईंनी विचारलं. वॉचमन म्हाळूआबांच्या, तो म्हणाला. दुसरं कुणी त्याच्या वाटेला जात नसे. दिवाळीत तिथला स्विचबोर्ड महेंद्रनं बदलला होता, तेवढंच. आबांची आज सुट्टी होती, म्हणून दोघं आधी दौंडला निघाली.

जीपमध्ये आनंदराव म्हणाले, “ताई, सरळ हाय. पोरानं काम कच्चं केलं, आन् मानूस गेला.”

“फाइलीत नाव आहे आणि पडद्यावर नाही,” ताई म्हणाल्या. “मधे कुठं अडकलं, ते बघू.”

दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर धम्मदीपचं दुकान होतं. शटर अर्धं ओढलेलं. आत तो एकटा, दाढी वाढलेली. आगीनंतर गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली होती. त्यानं काही न विचारता कम्प्युटर लावला.

“ही त्याच दिवसाची फाइल, फ्लॉपीवर आणलेली. आन् हा तोच प्रोग्राम. बघा.”

पडद्यावर मराठी नावं एकाखाली एक उमटली. जो आधी आत आला त्याचं नाव वर. नावासमोर उजवीकडे आत आल्याची वेळ. सगळ्यात खाली महेंद्रचं नाव होतं, आणि त्याच्याही खाली, प्रोग्रामच्या खिडकीच्या अगदी तळाला, लाल अक्षरांत आतल्या माणसांची एकूण संख्या.

“इथं दिसतंय. तिथं दिसत न्हाई,” धम्मदीप म्हणाला. “मी रात्रंदिवस कोड वाचलाय, ताई. ओळन् ओळ. आता मलाच वाटाया लागलंय, मीच मारलं त्याला.”

ताईंनी माऊसनं खिडकीची कड धरून ती लहान करून बघितली. खिडकी हलेना. धम्मदीपनं सांगितलं, की वॉचमनकडून चुकून लहानमोठी होऊ नये म्हणून त्यानं ती ठरावीक मापाची करून ठेवली होती. वरखाली सरकवायची पट्टीही दिली नव्हती. एवढी नावं एका पडद्यात मावत होती. मग ताईंनी कारखान्यातून तक्रारी येत का, ते विचारलं. तो थकल्यासारखा हसला. रोजच येत, म्हणाला. माऊस अडतो, प्रिंटर कागद खातो, अक्षरं बारीक आहेत. फोन कोण करायचं ते आता आठवत नव्हतं. पुढच्या खेपेला येतो, असं तो सांगायचा; पण कामाच्या गडबडीत जाणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कारखान्यावर गेली. फाटकावरची केबिन एवढीशी होती. म्हाळूआबा उठून उभे राहिले. सत्तरीला टेकलेले, गणवेश स्वच्छ, मिशा पांढऱ्या. भिंतीवर ताटाएवढं घड्याळ. आनंदरावांनी आपलं ओळखपत्र पुढं केलं, ते आबांनी हातात घेऊन तसंच परत दिलं आणि म्हणाले, “नाव सांगा सायेब, मंजी बरं.” तेवढ्यात हमरस्त्यावर एस.टी. थांबली. ती पाटसची की नगरची, असं आबांनी आनंदरावांनाच विचारलं. पाटी फाटकातून स्वच्छ दिसत होती.

कम्प्युटर चालू होता. पडद्यावरची चित्रं चांगली ठसठशीत, नावं लांबून वाचता येतील एवढी. आज आत मोजकीच माणसं होती. आनंदराव पुढं वाकले आणि त्यांचे डोळे चमकले.

“ताई, हितं नावापुढं टाइमच न्हाई. दौंडला व्हता. पोरानं आपल्याला दुसराच प्रोग्राम दाखवला.”

“टाइम नाही, हे बरोबर बघितलंत, आप्पा,” ताई म्हणाल्या. त्यांनी आबांना विचारलं, की त्या दिवशी पुकारा झाल्यावर संख्या ताडून बघितली होती का. आबा गोंधळले. संख्या पडद्यावर आता कुठं असते, हे त्यांना सांगता येईना. पूर्वी असायची, अलीकडं दिसत नाही, म्हणाले.

मग त्यांचा आवाज खाली गेला. “बाई, म्हेंद्राला म्याच आत घेतला व्हता. नावं सपली, तवा म्या सायबाला म्हनलं, म्हेंद्रा दिसत न्हाई. सायेब केबिनीत आलं, पडद्यावर बगितलं. म्हनलं, आबा, नाव न्हाई, मंजी बाहीर गेला आसंल. डोस्क्यातलं नका सांगू, पडद्यावरचं सांगा. म्या गप बसलो.”

परत जाताना आनंदराव धम्मदीपच्या अटकेचा हिशेब मांडत होते. ताई खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “उद्या सगळ्यांना केबिनीत बोलवा. करुणालाही.” आणि थोड्या वेळानं, “तिला न बोलवता भागलं असतं तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये माणसं दाटीवाटीनं उभी होती. करुणा दारापाशी, धम्मदीप कोपऱ्यात मान खाली घालून. ताईंनी त्याची फ्लॉपी घालून आगीच्या दिवसाची नावं पडद्यावर आणली. महेंद्रचं नाव नव्हतं.

“प्रोग्राम तोच, फाइल तीच,” ताईंनी सुरुवात केली. “दौंडला नाव दिसतं, इथं दिसत नाही. म्हणजे नाव गेलेलं नाही. बघायची जागा कमी पडलीय. आप्पांना काल दिसलं, की नावापुढची वेळ इथं नाही. ती असते उजव्या कडेला. आबा म्हणाले, एकूण संख्या अलीकडं दिसत नाही. ती असते तळाला. उजवी कड नाही आणि तळ नाही. तर मग गेलं काय?”

“कडेचा भाग,” पृथ्वीराज पुटपुटला.

“हो. विंडोजमध्ये पडद्याची मापं बदलता येतात. बारीक ठिपक्यांऐवजी ठसठशीत ठिपके घेतले, की सगळी अक्षरं मोठी होतात; पण पडद्यावर मावतं कमी. धम्मदीपची खिडकी ठरावीक मापाची. ती लहान होत नाही, सरकत नाही. म्हणून उरलेला भाग उजवीकडे आणि खाली पडद्याबाहेर गेला. एरवी आत थोडी माणसं असत, नावं वरच्या वर संपत, कुणाला कळलं नाही. त्या दिवशी दोन पाळ्या आत होत्या. आणि शेवटी आलेल्याचं नाव सगळ्यात खाली.”

धम्मदीपनं मान वर केली. “मी पडद्याचं माप तपासायला पायजे व्हतं,” तो म्हणाला. “चार ओळी लिहिल्या असत्या तर... अक्षरांसाठी फोन आला व्हता, ताई. मी आलोच न्हाई.”

“ही मापं बदलली कुणी?” पृथ्वीराजनं विचारलं.

ताई गप्प राहिल्या. आनंदरावांनी इतक्या वर्षांत त्यांना उत्तर असून गप्प राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात कालचं सगळं एकेक करून जागेवर बसलं. न वाचता परत दिलेलं ओळखपत्र. एस.टी.ची पाटी. ताटाएवढं घड्याळ. दिवाळीत इथं काम केलेला एकच माणूस.

म्हाळूआबांनी डोक्यावरची टोपी काढली.

“मला दिसत न्हाई,” ते म्हणाले. “लई दिस झालं. कळलं आसतं तर काम गेलं आसतं. म्हेंद्राला कसं कळलं कुनास ठावं. म्हनला, आबा, कुनाला बोलू नका, म्या अक्षरं मोठी करून देतो. ह्ये घड्याळ बी त्येनंच लावलं.”

पृथ्वीराज भिंतीला टेकला. महेंद्र दिसत नाही असं आबा सांगत असताना ‘बाहेर गेला असेल’ म्हणणारा तोच होता, आणि त्याला ते कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

ताईंनी माऊस हातात घेतला आणि पडद्याची मापं पूर्वीसारखी केली. पडदा क्षणभर काळा झाला. मग सगळं बारीक होऊन परत आलं. नावांपुढं वेळ उमटली, तळाला लाल आकडा, आणि त्या आकड्याच्या वर एक नाव.

आबा डोळे बारीक करून पुढं झुकले. “आलं का? मला दिसंना. कुनीतरी वाचा की.”

करुणा दारापासून पुढं आली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि नवऱ्याचं नाव पुरं, आडनावासकट, हळू वाचलं. लग्नात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर तिनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं.

आबा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. म्हणत होते, बाई, मी मेलो असतो तर बरं होतं, माझ्यापायी गेला. करुणा त्यांच्याशेजारी जमिनीवर टेकली. तिनं त्यांचा हात धरला.

“तुमच्यापायी न्हाई, आबा,” ती म्हणाली. “त्यांना तुमचं दिसलं, म्हनून केलं. त्यांना दिसायचंच तसलं.”

तक्रार त्याच दिवशी मागं घेतली गेली. धम्मदीपनं प्रत्येक पडद्यावर मावेल अशी खिडकी लिहिली आणि ज्या ज्या ठिकाणी त्याचे प्रोग्राम होते, तिथं स्वतः जाऊन बसवून आला. शिरूर, राहू, कोरेगाव भीमा. पैसे घेतले नाहीत. दुकान मात्र पुन्हा पहिल्यासारखं चाललं नाही. पृथ्वीराज उन्हाळ्यात नोकरी सोडून गेला.

आबांना पुण्याला नेऊन करुणानंच त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. पट्टी सुटल्यावर ते तिच्या घरी गेले, तेव्हा आनंदरावांनीच त्यांना जीपमधून सोडलं होतं. भिंतीवर महेंद्रचा फोटो होता. आबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि कितीतरी वेळ नुसते बघत होते.

“येवढा तरना व्हता?” ते म्हणाले. “मला कवा दिसलाच न्हाई.”