कळतं, पण वाटत नाही

“यम्माला मातीत ठेवून अजून दुपार टळली नाही, आणि तू चूल पेटवलीस?” धाकट्या भावाचा, लारबीचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला.

मयताच्या घरात तीन दिवस विस्तव पेटत नाही, शेजारणीच ताटं झाकून आणतात, हे मोरोक्कोतल्या या फेझ शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! आणि तामूने कणीक मळली होती, भाकऱ्या भाजल्या होत्या... अंथरुणाला खिळलेल्या यम्मासाठी, आईसाठी वर्षानुवर्षं भाजत आली होती तशाच.

“डोळ्यांत टिपूस नाही! काळीज आहे की दगड?” आत्या फणकारली. “जिनाने धरलंय हिला. मशिदीतल्या फकीहला बोलवा, आयता पढून उतरवून टाकेल.”

तामू नुसती बघत राहिली. भिंती चित्रासारख्या सपाट, माणसांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे... आणि हे भांडण जणू दुसऱ्याच कुणाच्या अंगणातलं!

लारबी राजधानीतला, रबातमधला मोठा इंजिनिअर. झाडफुकीने त्याची लाज गेली असती. म्हणून चौथ्या दिवशी तो बहिणीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

“वेड आहे की ढोंग, एवढंच सांगा,” तो म्हणाला.

“ते यांचं बोलणं ऐकून सांगेन, तुमचं नाही.” बाई तामूकडे वळल्या. “भाकऱ्या भाजताना काय होत होतं?”

“हात चालत होते. मी लांबून बघत होते.”

“ते हात दुसऱ्याचे आहेत, अशी खात्री होती?”

“नाही हो! माझेच, हे कळतं. कळतं, पण... वाटत नाही.”

“कुणाचे आवाज येतात? कुणी हुकूम सोडतं?”

“कुणी नाही. असतं तर तेवढीच सोबत झाली असती!”

बाई किंचित हसल्या. झोप, औषधं, डोक्याला मार, झटके, सगळं विचारून झालं. मग त्यांनी हलकेच विचारलं, “पहिल्यांदा कधी?”



“माझ्या लग्नाची मेंदीवाली परत पाठवली, त्या दिवशी. आजारी आईला कोण बघणार? याचं तर रबातचं शिक्षण... मीच म्हटलं, लग्न मोडा. संध्याकाळी आरशात एक बाई उभी होती. ती मी आहे, एवढं नुसतं ठाऊक होतं.”

लारबी चमकला. थोरल्या बहिणीला तो मानाने लल्ला म्हणायचा. “लल्ला, तू तर म्हणाली होतीस, मुलगा पसंत नाही!”

“आणि तुला ते किती सोयीचं होतं!” तामू ताडकन उठली. “ईदला यायचं, कोकरू खायचं, निघायचं! यम्माच्या पाठीवरच्या जखमा कुणी धुतल्या? रात्रंदिवस तिला कुशीवर कुणी वळवलं? आणि दगड मी? मी?”



“हे वेड नाही, जिन नाही, ढोंग तर मुळीच नाही,” बाई लारबीला म्हणाल्या. “सोसवेना, तेव्हा मन स्वतःपासूनच दूर सरकलं. ते परत येऊ शकतं; वेळ लागेल.”

लारबी रडत तामूच्या पायांशी बसला. “लल्ला, माफ कर मला...”

“आत्ता नको!” तामू कडाडली. तिच्या छातीत आग पेटली होती, आणि त्या आगीची धग तिला स्वतःला लागत होती! “आत्ता मला रागावू दे. हा राग माझा आहे, लारबी... माझा!”

“रागाव,” तो खाली मान घालून म्हणाला. “मी बसलोय इथे.”