वाळू काढतंय कोण?

प्रज्ञेश धायरीत भाड्याने राहत होता आणि मालकीण सुशीलाबाई अगदी त्याच्या खालच्या मजल्यावर. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता आणि त्याला ती जागा काही केल्या सोडायची नव्हती. एकट्या पोराला पुण्यात घर मिळणं म्हणजे काय असतं, ते ज्याने शोधलंय त्यालाच विचारा. "कुत्रा नाही, मांजर नाही, मित्र तर नाहीतच," असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माशाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. म्हणून त्याने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि बोटाएवढा पिवळा गोबी मासा आणून सोडला.

आता हा मासा राहतो प्रवाळाच्या पायथ्याशी, वाळूतल्या बिळात. पण बीळ खणायचं काम याचं नाही, बरं का. ते करते एक कोळंबी. तिला धड दिसत नाही, म्हणून ती आपली मिशी कायम माशाच्या अंगाला टेकवून असते. मासा दारात बसून राखण करतो. धोका दिसला की शेपटी थरथरवतो, की दोघंही आत.

प्रज्ञेशने कोळंबी आणलीच नव्हती. तरी मासा एका बिळाच्या तोंडाशी ऐटीत बसलेला.

बिळाबाहेर वाळूचा ढीग वाढत गेला. त्याने पांढरी वाळू घातली होती. ही काळी होती. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून टाकी खालून तपासली. काच अखंड होती.

मग सुशीलाबाई वर आल्या.

"माझ्या आमटीत वाळू पडतेय. पुण्याला समुद्र आला असेल तर कळवायचं होतंत."

प्रज्ञेशला वाटलं, गेलं घर. बाई टाकीवर वाकल्या. माशाने शेपटी थरथरवली आणि तो आत पळाला. आतून टक् असा आवाज आला. बाईंनी काचेला कान लावला.

"याला हलवू नका," एवढंच म्हणून त्या उतरून गेल्या.

संध्याकाळी तो पेढे घेऊन विनवण्या करायला खाली गेला. दार उघडंच होतं. सोफा भिंतीला सरकवलेला. मधल्या फरश्या गायब, आणि तिथे माणूस मावेल एवढं बीळ. कडेने शिंपले नीट बसवलेले. बाई बिळाकडे पाठ करून पाटावर बसल्या होत्या, नजर दारावर.

"करार पुढे चालू," त्या म्हणाल्या. "फक्त आता तुम्ही बसा. मला मंडईत जायचंय."

"कशाला बसू?"

"घर हवंय ना? मग बसा."

तो बसला. बाई पिशवी घेऊन गेल्या.

थोड्या वेळाने त्याच्या मानेला काहीतरी टेकलं. खराट्याच्या काडीसारखं, ओलं. त्याला पळायचं होतं, पण करार आठवला.

जिन्यात पावलं वाजली. काही कळायच्या आत त्याचा खांदा आपोआप थरथरला.

मानेवरची मिशी सटकन मागे गेली. पावलं वर निघून गेली.

मग मिशी परत आली आणि शाबासकी दिल्यासारखी दोनदा टेकली.