अर्जदाराशी नातं

विमान धुक्यातून उतरलं आणि त्यात अंडी नव्हती.

दूध नव्हतं, बटाटे नव्हते, बाळांचे लंगोट नव्हते. ध्रुवाजवळच्या आमच्या नुवुक्तूक गावाच्या धावपट्टीवर माल उतरवून घेणं आणि पोस्टात टपाल वाटणं हे माझं काम, आणि माल आला नाही की गावाच्या शिव्या खाणं हेही माझंच. वजन जास्त झालं की दक्षिणेतली माणसं भाजीपाला खाली ठेवतात. टपाल मात्र ठेवत नाहीत. म्हणून टपालाची पोती आली होती आणि त्यांत ते तपकिरी खोके होते… वाससुद्धा बाहेर येणार नाही असे चिकटपट्टीने आवळलेले. सरकारमान्य गांजा.

बर्फाळ पाऊस तिरका मारत होता. मी एक पोतं ओढत होते, इतक्यात कुणीतरी त्याचं दुसरं टोक उचललं.

"कुठे ठेवू?"

"समुद्रात."

"भरतीला परत येईल," तो म्हणाला. "पोस्टात ठेवतो."

अंगात दक्षिणेतलं पातळ जाकीट, ओठ निळे पडलेले आणि तरी हसत होता. मी ओळखलं नाही. "तू कुणाचा?"

"कुविआनाक काकांचा पुतण्या. तेमेला. शाळेत तू माझ्या टोपीत मासा टाकला होतास."

"टाकला असेन. आता कशाला आलायस?"

"दुकान टाकायला."

"कसलं?"

त्याने हनुवटीने खोक्यांकडे खूण केली. मी माझं टोक सोडलं. पोतं त्याच्या पायावर पडलं… आणि ते काही चुकून पडलं नाही.

गांजा कायदेशीर झाला त्याला वर्षं लोटली, पण आमच्या गावात दुकान नव्हतं. ज्याच्याकडे बँकेचं कार्ड, तो संगणकावरून मागवायचा आणि वयाचा दाखला दाखवून पोस्टातून घेऊन जायचा. ज्याच्याकडे कार्ड नाही तो मागच्या दाराने घ्यायचा, चौपट भावाने. आणि मागच्या दाराला वय विचारायची सवय नाही. परवाना राजधानीतून मिळतो, पण आधी गावाला विचारावं लागतं. पंचायत नको म्हणाली की विषय संपला. पंचायतीत आम्ही सात जण होतो आणि त्यातली एक मी.

माझं मत ठरलेलं होतं. माझा भाऊ मोसेसी पाण्याच्या टँकरवर कामाला होता. आता दुपारी उठायचा आणि खिडकीकडे पाठ करून बसायचा. गावात मनाच्या डॉक्टरची खुर्ची कधीपासून रिकामी आहे, माणूस मिळत नाही म्हणतात. गांजा मात्र आठवड्यात हजर! या सरकारला माझ्या भावाचं दुखणं पोचत नाही, त्याची नशा बरोबर पोचते.

हे सगळं मी तेमेलाला सुनावलं. एकदा नाही. तो प्रत्येक विमानाला यायचा, न सांगता पोती उचलायचा आणि मालाच्या शेडमध्ये माझ्या थर्मासमधला चहा प्यायचा.

"खोके तर तूच वाटतेस," तो म्हणायचा. "सही तूच घेतेस. मग माझ्यावरच का डाफरतेस?"

"ते माझं काम आहे."

"माझंही काम असेल. रोख पैसे, समोरचं दार, लहानांना बंदी. पगार गावातल्याच दोघांना. मागचं दार बंद पडेल."

"आणि पुढचं सताड उघडं!"

"तुझ्यासारखी दारात उभी राहिली तर कोण आत येईल?"

"राहीन. बघच."

"बघायलाच तर येतो…" तो चहात बघत म्हणाला.

मी उरलेला चहा बाहेर ओतून टाकला. त्याचा कपसुद्धा. माझे कान गरम झाले होते, आणि बाहेर सगळं गोठत होतं.

मग एका दुपारी घरी आले तर मोसेसी नव्हता. अंथरूण रिकामं, रायफल नाही. मी होंडा, म्हणजे आमची चार चाकांची मोटरसायकल, काढली आणि चारही चाकं चिखलात घालत किनाऱ्यावर पोचले. तेमेलाच्या काकांची बोट नुकतीच लागत होती. मोसेसी सील ओढून वर आणत होता. कोपरापर्यंत रक्ताने माखलेला आणि कशावर तरी खदाखदा हसत. तसं हसताना त्याला मी कधी पाहिलं होतं, आठवेना.

मी सरळ तेमेलाकडे गेले. "माझं मत विकत घेतोयस?"

त्याचं हसू गेलं. "बोटीवर दुसरा माणूस लागतो, नापाची. एकट्याने समुद्रात जात नाहीत."

"गावात दुसरं कुणी नव्हतं?"

"होतं. पण नेम याच्याइतका कुणाचा नाही." मग माझ्या उघड्या हातांकडे बघून त्याने आपले हातमोजे काढले आणि माझ्या हातांत चढवले… आतून ऊबदार, त्याच्या हातांची ऊब. "सभा झाली की तुला एक सांगायचंय."

"आत्ता सांग."

"आत्ता नाही."

"घाबरतोस?"

त्याने भुवया उंचावल्या. आमच्याकडे त्याचा अर्थ हो. "आणि परवाना नाही मिळाला तर सांगूनही उपयोग नाही. काकांच्या सोफ्यावर किती दिवस झोपू? दक्षिणेत ट्रक चालवायचं काम ठेवलंय माझ्यासाठी. जावं लागेल."

"मग जा!" मी म्हणाले, आणि हातमोजे घालूनच निघून आले.

सभा रेडिओवरून थेट ऐकवतात. रेडिओवर बिंगोचा खेळ नसेल त्या दिवशी सगळा गाव तेच ऐकतो. सरपंच ऊलीपीका मला 'आई' म्हणते. तिच्या आईचं नाव मला दिलंय, त्यामुळे सत्तरीतली ही बाई माझी लेक लागते, आणि लेकीसारखीच छळते.

अर्जदार म्हणून तेमेलाला बाहेर बसवलं. सचिव ग्रेगरी दक्षिणेतला, नियमांवर जगणारा. त्याने नियम वाचला. अर्जदाराशी रक्ताचं, लग्नाचं, किंवा निर्णयावर परिणाम होईल असं निकटचं नातं असेल त्याने सांगावं आणि बाहेर जावं.

कुविआनाक काका उठले. "मी सख्खा काका. सोफा मोकळा होईल म्हणून बाजूने मत देणार होतो. जातो." माणसं हसली. काका गेले.

उरलो सहा. कोण काय म्हणणार ते गावाला पाठ होतं. तीन त्याच्या बाजूने, दोन विरोधात, आणि मी. तीन-तीन झाले की ठराव पडतो. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणि सांगण्यासारखं होतं तरी काय? तो काही बोलला नव्हता. मी काही बोलले नव्हते. चहा आणि हातमोजे, एवढ्याला कोण नातं म्हणतं…

"आणखी कुणी?" ग्रेगरीने विचारलं.

मला त्याचा राग आला. तेमेलाचा आला. आपल्याच छातीत घण घालणाऱ्या त्या मूर्ख वस्तूचा सगळ्यात जास्त आला. मी भुवया उंचावल्या.

"आई," ऊलीपीका माईकवर म्हणाली, "भुवया रेडिओवर दिसत नाहीत. तोंडाने बोल."

"आहे."

"काय आहे?"

"नातं."

"कसलं? तुझं आणि त्याचं कुठे काय…"

"त्याला माहीत नाही अजून!" माझा आवाज चढला. "मला तो आवडतो. मला तो आवडतो आणि त्याचं दुकान आवडत नाही. दोन्ही लिहून घ्या."

ग्रेगरीचे कान लाल झाले. "दुसरं लिहिता येणार नाही. नातं सांगितल्यावर अर्जाबद्दल मत देता येत नाही."

"मग पहिलंच लिहा!" मी खुर्ची अशी सारली की ती आडवी झाली.

बाहेर, बूट काढून ठेवायच्या खोलीत, बाकावर काका आणि तेमेला. फळीवर रेडिओ चालू.

"आवाज कमी करू की वाढवू?" काकांनी विचारलं.

"बोलू नका कुणी!"

तेमेला पांढराफटक पडला होता. "नापाची… मी आधी बोललो असतो तर तुझं मत गेलं असतं. लोक म्हणाले असते, यानेच तुझं मत मुद्दाम पाडलं."

"मीच म्हणाले असते!"

"म्हणून गप्प बसलो."

"आणि मत तरी गेलंच ना! निदान आधी बोलला असतास तर चार दिवस सुखाचे तरी गेले असते!"

रेडिओवर ऊलीपीका हात मोजत होती. तीन विरुद्ध दोन. परवान्याला पंचायतीची हरकत नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते रागाचं होतं, काय समजायचं ते समजा. तेमेला हसला नाही. उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अर्ज मागे घेऊ?"

"खबरदार! म्हणजे गाव म्हणणार, सभेत हरली आणि नवऱ्याकडून जिंकली!"

"नवऱ्याकडून…?"

काका बुटाच्या नाड्या बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"दुकान उघड," मी नाक पुसत म्हणाले. "एका जरी पोराला विकलंस तर मी स्वतः कुलूप लावीन. आणि परवान्याची मुदत संपेल तेव्हा विरोध करीन. खुर्चीवरून नाही, लोकांत बसून."

"आणि घरी?"

"घरी जास्त."

तो आता हसला. अगदी जवळ वाकला, हळूच माझ्या कानाशी. "सांगायचं होतं ते म्हणजे… मलाही…"

"इथे नाही." मी त्याला मागे ढकललं. "माझं सगळ्या गावाने ऐकलं, आणि तुझं मी एकटीने ऐकायचं?"

मी त्याची बाही धरली आणि नुसत्या पायमोज्यांवरच त्याला ओढत आत नेलं. ग्रेगरी उठून म्हणाला, अर्जदाराला आता बोलता येत नाही. ऊलीपीकाने त्याला बस म्हटलं आणि माईक आमच्याकडे वळवला.

तेमेलाने घसा साफ केला.

"मी तेमेला," तो गावाला म्हणाला. "अर्जदार. नापाचीने जे सांगितलं… ते माझ्याकडूनही लिहून घ्या. पहिलं."

"मोठ्याने," मी म्हणाले. "धावपट्टीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."