तिसरी खूण

सरकारी नकाशाच्या वेबसाइटवर एक झकास सोय आहे. हवी तिथे टिकली ठोकायची, तिला हवं ते नाव द्यायचं आणि लिंक गावभर पाठवून द्यायची. ह्या सोयीचा रूरिकने जेवढा दुरुपयोग केला, तेवढा अख्ख्या फिनलंडात दुसऱ्या कुणी केला नसेल.

गेल्या वर्षी शिकारी मंडळाच्या नकाशावर त्याने पार जंगलाच्या टोकाला टिकली ठोकली आणि लिहिलं, 'सॉना तापलाय, बिअर फुकट.' त्याचा चुलतभाऊ सिक्स्टेन खांद्यावर टॉवेल टाकून दलदलीतून तिथवर चालत गेला. तिथे एक मोडकं झाड होतं आणि झाडाला रूरिकने टांगलेली रिकामी बाटली. सिक्स्टेनने आठवडाभर तोंड फिरवलं. मग फोन करून एवढंच म्हणाला, "लेका, निदान भरलेली तरी टांगायचीस."

असा हा रूरिक. वय सत्तावन्न, अक्कल बारा वर्षांची, असं त्याची आईच म्हणायची. पण ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी तो कॉफीचा मग घेऊन त्याच नकाशासमोर बसला, तेव्हा डोक्यात थट्टा नव्हती.

सोमवारी सिक्स्टेनचा पोकलेन खाडीत उतरणार होता. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या बोटींसाठी गावाला धक्का हवा होता, त्यासाठी बोरूच्या बनातून वाट कापायची होती. निघालेला गाळ पडावात भरून दूर खोल समुद्रात ओतून द्यायचा, असं ठरलं होतं.

आणि त्या गाळात कुठेतरी रूरिकचा बाप होता.

वालफ्रिड बहात्तर सालच्या शरद ऋतूत जाळी काढायला गेला. दुपारी दक्षिणेकडून वादळ उठलं, खाडीत पाणी पुरुषभर चढलं. ना माणूस परत आला, ना बोट. रूरिक तेव्हा चार वर्षांचा होता. गावाने बर्फ पडेपर्यंत गळ टाकून खाडी चाळली. पुढे खाडीच राहिली नाही. ह्या किनाऱ्यावर जमीन दर वर्षी थोडी थोडी वर येते, समुद्र मागे सरतो. आजोबांनी पाण्याच्या काठी बांधलेली बोटीची शेड आता गवतात उभी आहे. खाडीत गाळ साचला, गाळावर बोरू माजला. वालफ्रिड बुडाला ती जागा आता गमबुट घालून चालत जाण्यासारखी झाली होती. कोणती, एवढंच माहीत नव्हतं.

चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड वर्षानुवर्षं कोराच उभा होता. रूरिकची आई योर्दिस नाव कोरू द्यायची नाही. "खाली माणूस नसलेला दगड म्हणजे नुसतं बाकडं," ती म्हणायची. "बाकड्यावर कुणी नाव कोरतं का?"

आता ती पंच्याऐंशीची होती. गुडघे गेले होते. पोकलेन चालला की दगड कायमचा बाकडं राहणार होता.

जाळ्याची जागा शोधायची इथल्या कोळ्यांची रीत सोपी आहे. बोटीतून किनाऱ्याकडे बघायचं. दोन खुणा एकामागे एक एका रेषेत आल्या की ती एक ओळ. दुसरीकडे आणखी दोन खुणा जुळल्या की दुसरी ओळ. दोन्ही ओळी एकाच वेळी जुळतात तिथे जाळं. वालफ्रिडच्या खुणा गावाला पाठ होत्या: चर्चचा मनोरा पाद्र्याच्या कोठारावर, आणि बेटावरचा पांढरा दगडी बुरूज दुभंगलेल्या पाइनवर. कोठार जळून गेलं होतं, पाइन पडला होता. पण नकाशात जुने थर असतात, विमानातून काढलेल्या फोटोंचे. रूरिकने सत्तर सालचा फोटो वर आणला, मधली पट्टी हळूहळू सरकवली. गवताच्या रानातून कोठाराचं छप्पर वर आलं. पाइनची सावलीसुद्धा दोन शेंड्यांची होती.

त्याने रेघ काढायचं टूल घेतलं. मनोऱ्यावर क्लिक, कोठारावर क्लिक, आणि रेघ थेट बोरूत. मग बुरूज, पाइन, बोरू. दोन रेघा जिथे छेदल्या तिथे टिकली ठोकली. नकाशा सेव्ह केला. लिंक कुणालाच पाठवली नाही, हे महत्त्वाचं.

दुपारभर तो त्या टिकलीपाशी लोखंडी सळई गाळात खुपसत राहिला. फोनवरचा निळा ठिपका बरोब्बर टिकलीवर. सळई प्रत्येक वेळी दह्यात बोट जावं तशी खाली जायची आणि रिकामी वर यायची. वास तेवढा यायचा, कुजक्या अंड्यांचा.

घरी येऊन त्याने नकाशा उघडला. रेघा तीन होत्या.

तो आधी हसला. मग त्याने सिक्स्टेनला फोन लावला.

"काय रे ए टॉवेलवाल्या, सूड घ्यायला हाच मुहूर्त सापडला?"

"कसला सूड?"

"माझ्या नकाशावर रेघ कुणी ओढली?"

"मी पोकलेनखाली आडवा पडलोय, ग्रीस भरतोय. माझ्या हाताने फोनसुद्धा धरवत नाहीये, आणि म्हणे रेघ."

"सिक्स्टेन, बापाची बाब आहे ही. ह्यात मस्करी नको."

फोनवरून ग्रीसचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सिक्स्टेन म्हणाला, "काकांच्या बाबतीत मी मस्करी करीन का रे? गाढवा, तुझा पासवर्ड तरी मला ठाऊक आहे का?"

ठाऊक नव्हतं. रूरिकने रेघ पुसली, नकाशा बंद केला, पुन्हा उघडला. रेघ होती.

आता तो हट्टाला पेटला. मोजायचं टूल घेऊन त्याने रेघेवर क्लिक केलं. चौकट उघडली: लांबी, दिशा, पहिला बिंदू, शेवटचा बिंदू. त्याच्या स्वतःच्या दोन्ही रेघांचा पहिला बिंदू जमिनीवर होता, कारण तो जमिनीवर बसून, ओळखीच्या खुणेपासून सुरुवात करत होता. कुणीही तेच करेल. ह्या तिसऱ्या रेघेचा पहिला बिंदू बोरूत होता. तिथून ती मोठ्या काळ्या शिळेवरून जात होती, गावात तिला म्हातारी म्हणतात, आणि शेवटचा बिंदू रूरिकच्या घरावर होता. त्याने नकाशा मोठा केला, आणखी मोठा. घरावर म्हणजे उत्तरेच्या टोकाला, जिथे माळ्याची खिडकी आहे.

रेघ घराकडून निघालेली नव्हती. घराकडे आलेली होती.

आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. रूरिकने लॅपटॉप तिच्यासमोर सालपटांच्या ढिगात ठेवला.

"आई, ही रेघ बघ. म्हातारीवरून आपल्या माळ्यावर. काही आठवतं?"

"चष्मा कुठाय माझा? तूच लपवला असशील."

"डोक्यावर आहे."

तिने चष्मा खाली ओढला. रेघेवर सुरी धरली आणि सुरीच्या टोकाने हळूहळू खिडकीपर्यंत आली.

"मी तिथे चादर टांगायची," ती म्हणाली.

"कसली चादर?"

"पांढरी. तुझा बाप पाण्यात असला की. घर दिसावं म्हणून. लोक हसले असते, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तो एकदा म्हणालेला, योर्दिस, तुझी चादर म्हातारीच्या डोक्यावर बसली की मी जागेवर असतो." तिने सुरी खाली ठेवली. "मला वाटलं, लाडाने म्हणतोय."

रूरिकने पडद्यावरची रेघ पुन्हा एकदा बघितली. मग तो म्हणाला, "म्हणजे तिसरी खूण होती."

"आणि गावाला सांगितलेल्या दोनांतली एक खोटी असणार," आई म्हणाली. "जाळ्याची खरी जागा सख्ख्या भावाला तरी कोण सांगतं? तो तर तुझाच बाप. चकवल्याशिवाय जेवण पचायचं नाही त्याला." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "स्वतःचीच जागा लपवून बसला, मेला."

नवी रेघ चर्चच्या रेघेला बोरूत कुठेच छेदत नव्हती. बुरुजाच्या रेघेला छेदत होती, पहिल्या टिकलीपासून बरीच उत्तरेला. तिचा पहिला बिंदू नेमका त्या छेदावर होता. पोकलेनच्या वाटेच्या ऐन मधोमध.

शनिवारी त्याने उंचीचं टूल लावलं. विमानातून लेझर मारून जमीन मोजलेली असते, त्यावर रेघ ओढली की चढउतार दिसतात. छेदाच्या जागी गाळ हाताच्या चार बोटांएवढा दबलेला होता. दबलेल्या भागाची लांबी त्याने मोजली. शेडमध्ये आजोबांनी बापाच्या बोटीसारखीच बांधलेली दुसरी बोट पालथी पडली होती, टेप घेऊन तीही मोजली. दोन्ही आकडे एकच आले.

रविवारी सकाळी सिक्स्टेन पोकलेन घेऊन आला.

"उद्या खोदायचंच होतं," तो म्हणाला. "पण रूरिक, ह्या वेळी खाली रिकामी बाटली निघाली ना, तर तुलाच पुरतो."

"खोद."

सिक्स्टेनने बकेट अशी उतरवली, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावरची गोधडी काढतात. काळा गाळ निथळत बाजूला गेला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लाकडाचा आवाज आला.

त्याने यंत्र बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

बोट सरळ बसलेली होती. गाळाने सगळं जपून ठेवलं होतं, जाळ्याचे दगड, डबा, वल्ही. आणि तो. रूरिकने फार बघितलं नाही. पायांत लोकरीचे मोजे होते, ते तेवढे बघितले. आईने पोलिसांना ओळख पटवली तीही मोज्यांवरूनच. "टाच मी दुहेरी विणते," ती म्हणाली, "तो घासून चालायचा."

अंत्यविधीला अख्खं गाव आलं. कॉफी झाली, दालचिनीचे पाव झाले, सिक्स्टेन रडला आणि वर म्हणाला की डोळ्यांत ग्रीस गेलं. दगडावर नाव कोरलं गेलं. आई त्या दिवशी पहिल्यांदा त्या दगडाला बाकडं समजून टेकली नाही, समोर उभी राहिली.

रेघ कुणी ओढली, हे रूरिकने कुणाला विचारलं नाही. काम झालं होतं.

नोव्हेंबर लागला. एका दुपारी, उजेड असतानाच, रूरिक तो नकाशा पुसून टाकायला बसला. उगाच कशाला ठेवायचा? उघडला.

त्याच्या दोन्ही रेघा नव्हत्या. तिसरीही नव्हती. टिकल्याही गेल्या होत्या.

त्यांच्या जागी दोन नव्या रेघा होत्या.

त्याने मोजायचं टूल घेतलं. पहिली रेघ मोबाइलच्या टॉवरवरून चर्चच्या मनोऱ्यावर येत होती. तो टॉवर वालफ्रिडच्या काळात नव्हता. दुसरी गोदीच्या दिव्यावरून पवनचक्कीवर. पवनचक्की तर गेल्या उन्हाळ्यात उभी राहिली.

ह्या खुणा आजच्या होत्या. आजचं गाव बघून कुणीतरी घेतलेल्या.

दोन्हींचा पहिला बिंदू एकच होता आणि तो समुद्रात होता. बेटांच्या पलीकडे, खोल पाण्यात. तिथे जमीन वर यायला शेकडो वर्षं लागतील.

रूरिकने तो बिंदू ओळखला. त्याचं स्वतःचं जाळं तिथे होतं. कालच पुन्हा टाकलेलं. टॉवर मनोऱ्यावर आणि दिवा पवनचक्कीवर, ह्या त्याच्याच खुणा होत्या. त्या त्याने कुठे लिहिल्या नव्हत्या, कधी बोलून दाखवल्या नव्हत्या. सिक्स्टेनला तर त्याने भलतीच जागा सांगितली होती, आणि महिनाभर मनात हसला होता.

तो पडद्याकडे बघत राहिला. भीती वाटली, नाही असं नाही. पण जाळं पाण्यात होतं, आणि त्याच्या खुणा उचलणारा कोण, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडलं नसतं. उद्या सकाळी जायचं, त्याने मनाशी पक्कं केलं. ओठही हलवले नाहीत.

वर काहीतरी करकरलं.

माळ्याची खिडकी. ती कित्येक वर्षं उघडली नव्हती.

"आई?"

"इथे आहे रे," वरून आवाज आला. गुडघे गेलेली आई, आणि माळ्याचा जिना खडा.

"तिथे काय करतेयस?"

"चादर टांगतेय. उद्या पाण्यात जातोयस ना तू?"

रूरिक उठला. जिन्याकडे जाता जाता त्याची नजर पडद्यावर गेली.

रेघा तीन होत्या. तिसरी समुद्रातून येऊन माळ्याच्या खिडकीपाशी थांबली होती.