धूम्रदेशातली शर्टवाली बाई

शेलूबाजारात खाली माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि वर घर आहे, पण दुकानापेक्षा जास्त नाव आहे ते माझ्या चॅनलचं. नवा सिनेमा लागला की मी वाशीमला जाऊन पाहतो आणि आपल्या वऱ्हाडीत त्याची पार पिसं काढतो. लोकांना पिसं काढलेलीच आवडतात. तर 'धूम्रदेश'चा सहावा भाग लागला, तेव्हा मी आणि माझी बायको स्नेहा दुपारच्या खेळाला गेलो. तुम्ही पाहिला नसेल म्हणून सांगतो, ही धुरानं भरलेल्या एका राज्याची गोष्ट. पहिले दोन भाग झकास होते. तिसऱ्यापासून जादूगार थकला, उडणारे घोडे चालायला लागले, तरी काढणारे काही थांबेनात. सहाव्यात तर नुसता धूर. मध्यंतरानंतर स्नेहा माझ्या खांद्यावर झोपूनच गेली. बाहेर पडताना म्हणाली, "धूर पाहू पाहू डोये चुरचुरून राह्यले." आम्ही चहा घेतला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो. आपण बोलण्याआधी बाकीच्यांनी काय म्हटलंय ते पाहावं, म्हणून मोबाइलवर परीक्षणं उघडली. सगळ्यांनी सिनेमा आडवा केला होता. वाचायला मजा येत होती. पुण्याच्या एका समीक्षकानं मात्र भलतंच लिहिलं होतं : 'आधीच पात्रांची गर्दी. त्यात साडीवर पुरुषाचा चौकड्यांचा शर्ट घातलेली ही बाई धूम्रदेशात आणायचं कारण काय?'

मला हसूच आलं. आमच्याकडे बाया शेतात जाताना, घरात धुळीचं काम काढताना, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. पण धूम्रदेशात अशी बाई? आम्ही तर पाहिली नव्हती. हा गडी दुसऱ्याच सिनेमाला जाऊन बसला असेल म्हणून मी पुढचं परीक्षण उघडलं. ते मुंबईचं होतं. त्यातही तीच बाई. 'हनुवटीवर टाक्यांची खूण असलेली ही बाई उत्तरार्धात नुसती घरात वावरते, खाली दुकानात बसलेल्या नवऱ्याला जिन्यातून हाका मारते. प्रेक्षक जांभया देतात.'

"अहो, जेवाले येता का?" स्नेहानं जिन्यातून हाक मारली.

लहानपणी हापशीवर पडून तिच्या हनुवटीला टाके पडले होते. माझा चौकड्यांचा निळा शर्ट ती कधीपासून वापरते.

तिसऱ्या परीक्षणात शेवटच फोडला होता. पडेल सिनेमाचा शेवट सांगताना कोणी अनमान करत नाही, मीही कधी केला नाही. लिहिलं होतं : 'ही बाई घराच्या स्लॅबवर ओली चादर वाळत घालायला जाते. चादर वरून गेलेल्या विजेच्या तारेला लागते आणि ती मरते. इतका स्वस्त मृत्यू, की पाहणाऱ्याला काही म्हणता काही वाटत नाही. नवरा तर खालीच बसून असतो. दोन तारे.'

आमच्या स्लॅबवरून लाइन जाते, हात वर केला तर लागेल इतकी खाली. मी वाशीमच्या थिएटरातल्या जगदेवला फोन लावला. पडद्यापासून दारापर्यंत सगळं तोच बघतो.

"जगदेवभाऊ, सिनेमातलं काही कापलं का तुमी?"

"कापाले आता रीळ हाये का, रवीभाऊ? वरून येते तसंच दावतो आमी."

"थ्या शर्टवाल्या बाईचं..."

"धुरात कोनती बाई?" तो म्हणाला. "बरे हा ना तुमी?"

मी परीक्षणं स्नेहाला दाखवली. तिनं जिन्यातच बसून सगळी वाचली आणि खो खो हसली. "माह्यावर सिनेमा काढला, अन् मलेच दोन तारे? मंग का, मी मरून राह्यली का आता?"

मी हसलो नाही. स्लॅबच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. कपडे गल्लीत वाळायला लागले. रोज सकाळी नवी परीक्षणं यायची, आणि प्रत्येकात ती मरायची. कोणी म्हणे प्रसंग लांबलाय, कोणी म्हणे पहिल्या अर्ध्या तासातच उरकायला हवा होता. माझ्या बायकोच्या मरणाचा लोकांना कंटाळा आला होता. नवरा खालीच बसून असतो, एवढं एक वाक्य तर मला झोपू देत नव्हतं. शेवटी दुकान बंद करून मी वर तिच्याजवळच बसायला लागलो.

ती वैतागली. "कामधंदा नाई का तुमाले? चला, एकडाव पाहूनच येऊ. नसली बाई, तं तुमच्या डोक्यातलं भूत तरी उतरन."

तिला घरी एकटं ठेवणं मला जमणार नव्हतं आणि न पाहता राहवतही नव्हतं. मी हो म्हणालो.

सिनेमा उतरायचा दिवस होता तो. बाहेर लख्ख ऊन. आत पाऊल टाकलं, तर समोरचं काही दिसेना. रेक्झिनचा, फिनाइलचा, कोंडलेल्या हवेचा वास. आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मध्यंतरापर्यंत तोच धूर, तेच घोडे. मला जरा हायसं वाटलं. मग पडद्यावरचा धूर दाट होत गेला, आवाज खाली खाली गेला, आणि माझ्या हातातला स्नेहाचा हात हळूहळू थंड पडला.

"आली..." ती म्हणाली.

"कोन?"

"मी."

पडद्यावर दोन घोडे उभे होते. बाकी धूर.

"कुठं हायेस?"

"थे काय... जिन्यात. तुमाले हाक मारून राह्यली." तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. आवाजात भीती नव्हती. रोजची मालिका बघताना बोलते तसंच बोलत होती. "हातात चादर हाये... दार उघडं हाये..."

मला धुण्याच्या पावडरीचा वास आला. नुकत्या पिळलेल्या कपड्याचा ओला वास, अगदी शेजारून.

"ऊठ, स्नेहा."

"थांबा ना... संपत आलं. तुमी कुठी दिसून नाई राह्यले..."

मी तिला कमरेला धरून ओढलं. तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले होते. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला दाराकडे अक्षरशः फरफटत नेलं. जगदेव दारात उभा होता. तो बाजूला झाला.

उन्हात आल्यावर स्नेहा डोळे चोळत उभी राहिली. मग रडायलाच लागली. "शेवट तं पाहू द्याचा होता मले..." मीही रडलो, भर रस्त्यात. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. ती जिवंत होती, माझ्या हातात होती. आपण जिंकलो, असं मला खरंच वाटलं.

घरी येऊन परीक्षणं उघडली. लेख तेच, तारखाही त्याच. मजकूर मात्र बदलला होता. दोनाचे चार तारे झाले होते. पुण्याच्या समीक्षकानं लिहिलं होतं : 'रडतखडत चाललेला सहावा भाग अचानक उसळी घेतो. नवरा बायकोला भर खेळातून ओढून बाहेर काढतो, तो प्रसंग अंगावर काटा आणतो. विजेच्या तारेचा सोपा मृत्यू टाळून शर्टवाल्या बाईसाठी जो शेवट योजला आहे, तो कित्येक दिवस मनातून जाणार नाही. तो मात्र इथं सांगणार नाही.'

मुंबईवाला म्हणत होता, शेवट सांगून रसभंग करत नाही. तिसऱ्यानंही तेच लिहिलं होतं.

मी सगळ्यांना मेसेज टाकले, हातापाया पडलो. पुण्याचा समीक्षक एकदा फोनवर सापडला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि छान हसला. "अहो, पण आम्हाला आवडलाय ना चित्रपट! चांगल्या चित्रपटाचा शेवट कोणी फोडतं का?" त्यानं फोन ठेवला.

सिनेमा आता कुठेच लागलेला नाही. आधी निदान तार माहीत होती, कुलूप कशाला घालायचं ते कळत होतं. आता कशाला घालू? गॅसला? रस्त्याला? ती भाजी चिरते तरी मी उठून उभा राहतो. ती वैतागते, मग मला समजावते, मग पुन्हा चिरायला घेते.

परवा एका परीक्षणाखाली कोणा प्रेक्षकाची ओळ दिसली : 'बाईनं काम सुरेख केलंय. पण शेवटी त्या नवऱ्याचे हात जरासुद्धा कसे थरथरत नाहीत?'

मी ती कितीदा तरी वाचली. थिएटरातून आल्या दिवसापासून माझे हात थरथरत होते, पुन्हा उघडलेल्या दुकानात बारीक स्क्रू काही केल्या बसत नव्हता, गिऱ्हाइकं परत जात होती. ओळ वाचून मला उलट धीर आला. हे थरथरतात तोवर शेवट नाही, म्हटलं. जन्मभर थरथरू देत.

आज सकाळी एक मोबाइल उघडला. सगळे स्क्रू पहिल्याच झटक्यात बसले. स्नेहा शेजारीच उभी होती. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि किती दिवसांनी मनापासून हसली.

"थांबले बापा एकदाचे," ती म्हणाली.